मुंडावळ्यांची पैज

"गेलं म्हणजे गेलं!" शांतारामनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट आपटलं. "आता शोध माझं नाव. शोध ना!"

नरसिंहानं शोधलं. खरंच नव्हतं.

नोएडातल्या त्यांच्या सोसायटीत खंडेरावांकडे नवंनवं इंटरनेट आलं होतं, म्हणून सगळे तिथेच जमले होते. मराठी मंडळाच्या वधूवर वेबसाइटवर नरसिंहानं शांतारामला न विचारता त्याचं नाव टाकलं होतं. 'विधुर, रिटायर्ड, स्वभाव तिखट, घोरणं बुलेटसारखं.' दोन दिवस सोसायटी पोट धरून हसली. मग शांताराम तणतणत आला आणि सगळ्यांदेखत 'नाव काढून टाका' हे बटण दाबून मोकळा झाला.

"शांत्या, नाव आतच आहे," नरसिंह म्हणाला. "बाहेर दिसत नाही, एवढंच."

"उगाच थापा नको मारूस यार."

"लाव पैज. गणपतीच्या आत त्याच नावावर तुला स्थळ चालून येतं की नाही बघ."

शांतारामनं क्षणभर विचार केला. "चलो, लागली. हरलो तर मुंडावळ्या बांधून घोडीवरून सोसायटीला फेरी मारीन. बँडसकट. आणि वर हॉलमध्ये सगळ्यांसमोर तू माझा कान पीळ. पण तू हरलास तर घोडीवर तू!"

"मंजूर," नरसिंह म्हणाला आणि खंडेराव पंच झाले.

नरसिंह खुशीत घरी आला. त्याला आतली खबर होती. त्याची धाकटी बहीण वैजयंती मंडळाच्या वेबसाइटचं काम बघायची. नवरा गेल्यापासून ती नरसिंहाकडेच होती. नरसिंह सडाफटिंग, त्यामुळे घर तीच चालवायची. तिनंच एकदा जेवताना सांगितलं होतं, की तिथे काही पुसलं जात नाही. नावापुढे फक्त 'दाखवू नको' अशी खूण पडते. बाकी सगळं जिथल्या तिथं. ऑफिसच्या पासवर्डनं उघडलं की दिसतं.

"वैजू, शांत्याच्या नावापुढची खूण काढ बघू," तो ताटावर बसत म्हणाला.

"नाही जमायचं, दादा."

"एक बटण तर दाबायचं!"

"ज्याचं नाव, त्यानंच सांगायला हवं. मंडळाचा नियम आहे." तिनं तव्यावरची पोळी त्याच्या ताटात टाकली. "गरम आहे तोवर खा."

नरसिंहाचा घास तोंडातच फिरू लागला. खूण निघाली नाही तर स्थळ येणार कुठून? दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचा तेव्हापासून आजवर त्यानं भल्याभल्यांना टोप्या घातल्या होत्या. आता स्वतःच्या डोक्याला मुंडावळ्या? पोरंटोरंसुद्धा जन्मभर चिडवतील.

गणपती तोंडावर आले. नरसिंह रोज खंडेरावांकडे जाऊन वेबसाइट बघायचा. शांतारामचं नाव काही उगवेना.

आणि एका संध्याकाळी शांतारामच त्याच्या दारात उभा राहिला.

"हरलो बाबा," तो म्हणाला. "स्थळ आलं."

"कुठून?"

"वेबसाइटवरूनच. बाई म्हणाल्या, तिखट स्वभाव चालेल, घोरण्याचं बघू."

"पण नाव तर दिसत नाही!"

"ते मला काय विचारतोस? तूच म्हणालास ना, आतच आहे?"

नरसिंहाचं डोकं भणभणलं. जे नाव कुणालाच दिसत नाही, ते त्या बाईनं वाचलं कसं? शांत्या फेकतोय म्हणावं, तर स्वतःच हरण्यासाठी कोण खोटं बोलेल? त्यानं स्वयंपाकघरात जाऊन वैजयंतीला विचारलं.

"कॉम्प्युटर आहे, दादा," ती कणीक मळत म्हणाली. "दिसतं एखाद्याला."

"पण बाई कोण?"

"मी कशी सांगू? त्यांनाच विचार."

शांतारामला विचारलं तर तो नुसता हसला. जाऊ दे, नरसिंहानं मनाशी म्हटलं. जिंकलो ना? बिल्कुल जिंकलो!

रविवार ठरला. वैजयंती म्हणाली, "हॉल घेतोच आहोत तर सत्यनारायणही घालू. करोल बागेतल्या गुरुजींना मी सांगते." नरसिंहानं स्वतः फिरून घोडी आणली, बँड आणला. मुंडावळ्या तर त्यानंच शांतारामच्या कपाळाला बांधल्या, चांगल्या करकचून.

"हरलेला माणूस इतका नटतो होय रे?" त्यानं विचारलं. शांतारामनं नवा कोरा रेशमी कुडता घातला होता, दाढी गुळगुळीत केली होती.

"हरायचं तर थाटात हरावं," शांताराम म्हणाला.

बँड वाजला. बाल्कन्या भरल्या. गेटवरचा गार्डसुद्धा नाचला. घोडीपुढे सगळ्यात जास्त नाचला तो नरसिंह. फेरी संपवून वरात हॉलमध्ये शिरली. पूजेची मांडणी तयार होती. शेजारी पाट होते, मधे होम पेटला होता. आज सत्यनारायणाला होमबिम कशाला, असं नरसिंहाच्या मनात आलं, पण थांबायला वेळ कुणाला होता?

"पीळ! पीळ!" लोक ओरडले.

नरसिंहानं बाह्या सरसावल्या आणि शांतारामचा कान असा पिळला, की शांतारामच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्यांनी हॉल दणाणला. शांतारामनं वाकून पाटामागून एक पुडकं काढलं आणि नरसिंहाच्या हातात ठेवलं. आत सफारीचं कापड होतं, वर टोपी.

"हे काय? पैजेत हे नव्हतं."

"असू दे. रीत आहे."

"कसली रीत?" म्हणत नरसिंहानं खंडेरावांकडे पाहिलं. खंडेराव छताकडे बघत होते. दारात हिरव्या शालूत, हिरवा चुडा भरून वैजयंती उभी होती, आणि तिच्याही कपाळाला मुंडावळ्या होत्या.

गुरुजींनी होमात तूप सोडलं. "कानपिळी झाली. मुलीच्या भावानं आता बाजूला सरावं. वैजयंतीताई, या, सप्तपदीला उभ्या राहा."