टिकाऊ कोबी

बर्फ वितळायच्या आधी आमच्या सरहद्दीवरच्या गावात बियाण्यासाठी रांग लागते. कर्नलची बायको रिम्मा दरवर्षी बागेत फक्त फुलं आणि पट्ट्यापट्ट्यांचे टोमॅटो लावते. आम्ही बायका तिची टिंगल करतो.

आज तिनं पुढच्या वसंतापर्यंत तळघरात टिकणाऱ्या कोबी, बीट आणि गाजराचं बियाणं मागितलं. दहा-दहा पाकिटं!

"काय हो रिम्मा पावलोव्हना, कर्नलसाहेब उपाशी ठेवतायत की काय?" दुकानवाली क्लावा हसली.

रिम्मा हसली नाही. "तूही यंदा हेच लाव," एवढंच पुटपुटून ती निघून गेली.

माझा नंबर आला. हातातली झेंडूची पाकिटं मी परत जागेवर ठेवली आणि तोच कोबी मागितला.



"संपला," कोबीच्या पाकिटांनी भरलेलं खोकं पायानं टेबलाखाली सरकवत क्लावा म्हणाली.