गोगलगाय

वाळूबाबांच्या पत्राला सारिकाने उत्तर दिलंच नव्हतं. पत्र लहानसं होतं. "थोरली सून राही पोटुशी हाय. दिवस भरत आले. तुमच्या फाटकातून जीप सोडा, नायतर एक चावी पाड्यात ठेवा. उत्तर द्यावे."

एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण तिच्या कचेरीत एकट्याने उत्तर देण्याची पद्धत नव्हती. डोळखांबच्या मागच्या डोंगराच्या पोटात अनेक देशांच्या शास्त्रज्ञांना मिळून प्रयोगशाळा उभारायची होती. जमीन किती शांत आहे ते मोजायला त्यांनी डोंगरभर यंत्रं पुरली होती, आणि गाड्यांचा धक्का नको म्हणून पाड्याच्या रस्त्याला फाटक घालून कुलूप ठोकलं होतं. त्यांच्या बैठका, पत्रं, बातमीपत्र सारिका शहापुरातून सांभाळायची. बाहेर जाणारा शब्दन् शब्द आधी सगळ्या देशांत फिरून यायचा. तिचा मसुदाही फिरला. एकाने 'चावी'ऐवजी 'प्रवेशाची सोय' सुचवलं. दुसऱ्याने विचारलं, पाडा म्हणजे नक्की काय? मसुदा अजून फिरतच होता.

आज वाळूबाबांचा धाकटा जगन स्वतःच आला. दारातच उभा राहिला.

"बस ना, जगन."

"बसायला नाय आलो. चावीचं काय झालं? पुढल्या महिन्यात कमळ बाळंत होईल. माजी बायको."

"पण पत्रात तर राही आहे."

"राहीचं ऱ्हाऊ द्या. चावी?"

"समितीपुढे आहे."

"चावी?"

"पत्र."

जगन हसला. "मग तुमची समिती कदी बाळंत व्हणार, ताई?"

सारिकाच्या कानशिलात रक्त चढलं. रोज वाशिंदहून यायचं, दुसऱ्यांची वाक्यं घासूनपुसून द्यायची, आणि वर हे ऐकायचं. ती फणकारली, "बैठक चालू आहे माझी. थांब जरा."

पडद्यावर एक दातेरी रेघ होती. समितीचे प्रमुख परदेशातून खुशीत बोलत होते. जगनने मान पुढे काढली.

"हे काय?"

"डोंगराच्या धारेवरून काहीतरी चालत गेलं, ते यंत्रांनी टिपलंय. थोडं चालतं, थांबतं, पुन्हा चालतं. लाडाने त्याला गोगलगाय म्हणतात सगळे. मला शाळेच्या पोरांसाठी त्यावर गमतीचं लिहायचंय."

"कदीचं हाय?"

"मागच्या पंधरवड्यातलं. मंगळवार दुपार."

जगन पडद्याजवळ आला. त्याचं बोट काचेपासून जरा अलीकडेच थांबलं.

"हितं खांदा बदलला," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"फाटकाला कुलूप. जीप यायची कुठून? राहीला डोलीत घातली, जवळची वाट म्हनून आमी चौघं धारेवरून निघालो. दम लागला का थांबायचं, खांदा बदलायचा. हितं बदलला. हितं पन. हितं तिनं पानी मागितलं."

त्यापुढे रेघ सपाट होती. खूप लांबपर्यंत सपाट, मग पुन्हा दातेरी, पाड्याच्या दिशेने.

"एक कोडं मात्र सुटत नाही," प्रमुख म्हणत होते. "इतकं वर चढून हा प्राणी इथूनच परत का फिरला? सारिका, मुलांनाच ओळखायला सांगू या का?"

जगनला इंग्रजी कळलं नाही. "काय म्हनतो तो?"

"परत का फिरलं, विचारतायत."

"पुढं नेऊन काय करायचं व्हतं?" जगन म्हणाला.

सारिकाने माईक चालू केला. वर्षभरात ती त्या बैठकीत पहिल्यांदाच न विचारता बोलली. "ती गोगलगाय नव्हती. आमच्या फाटकामुळे डोलीत घालून नेलेली बाई होती. वाटेत मेली. तिची विनंती तुम्ही अजून तपासताय."

मग प्रमुखांनी घसा साफ केला. "फार वाईट झालं. मात्र हे निवेदन बाहेर जाण्यापूर्वी समितीने पाहायला हवं."

तिने लॅपटॉप खाडकन मिटला. खणातून फाटकाच्या चाव्या काढल्या. जगनने हात पुढे केला.

"नाही," ती म्हणाली. "तुझ्या हातात दिल्या तर उद्या चोरी म्हणतील. पोस्टाने आल्या तर ते कचेरीचं उत्तर."

तिने कागद ओढला, हाताने लिहिलं, खाली सही केली, कचेरीचा शिक्का मारला. मसुदा कुठेही फिरला नाही. जगन तिच्यामागून पोस्टापर्यंत गेला आणि पाकीट रजिस्टर होईपर्यंत खिडकीशी उभा राहिला. आत लिहिलं होतं:

"वाळूबाबा, उत्तराला उशीर झाला. राहीला ते पोचलं नाही. फाटकाच्या दोन्ही चाव्या पाठवत आहे, कचेरीत आता एकही नाही. यापुढे आम्हाला आत यायचं झालं, तर आम्ही तुम्हाला पत्र लिहू."