कोरडी प्रेट्झेल

गेर्लिंड ओव्हन लावून वळली, तर बाबांच्या हातात पेला. घरच्यांसाठी गाठ मारलेल्या पावाची प्रेट्झेल भाजायची म्हणून तिनं पातेल्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी करून ठेवलं होतं. त्याच पातेल्यातून बाबांनी पेला भरून घेतला होता. एका घोटात आतडी जळतील. उल्मच्या बेकरीत हयात घालवलेल्या बाबांना हल्ली सकाळचं दुपारी आठवत नसे. ओरडावं, तर हट्टानं घटाघटा पितील. पेला ओठांशी पोचला. “बाबा, प्रेट्झेलच्या पोटाला चीर तुम्हीच द्या हो,” ती कसंबसं हसत म्हणाली. “माझी वाकडी जाते.” “जाणारच. हात आहेत की फावडी?” पेला ठेवून बाबांनी पातं उचललं. प्रेट्झेलवर बोट फिरवताच कपाळाला आठ्या पडल्या. “ही तर कोरडीच! आधी सोड्यात बुडवायची, मग चीर द्यायची. एवढंही विसरलीस?” “विसरले, बाबा.” गेर्लिंड पेला सिंकमध्ये ओतून धूत राहिली, धूतच राहिली.