तिसऱ्या कपाटातले शेवट

"सर, ती पट्टी खाली ठेवा."

ग्रंथपाल बाई मास्तरांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मास्तरांनी स्टीलची पट्टी दाबून धरली होती आणि पान निम्मं फाटलं होतं. भर दुपार होती, वाचनालयात तिसरं कोणी नव्हतं. जन्मभर पोरांना भूमिती शिकवून निवृत्त झालेला माणूस रंगेहाथ सापडला होता, आणि पकडणारी त्याचीच जुनी विद्यार्थिनी होती.

दहा दिवसांत सात पुस्तकांची शेवटची पानं गेली होती. सातही तिसऱ्या कपाटातली, म्हणजे प्रेमकथांच्या. पूर्वी त्या कपाटाला काही डोकेदुखी नव्हती. एक तो, एक ती आणि मध्ये तिचे वडील, एवढ्यात भागायचं. हल्ली लेखकांना धीर आला होता. दोन पुरुष, दोन मुली, सत्तरीतला विधुर आणि त्याची घरमालकीण, दहा वर्षांनी मोठी ती आणि लहान तो, अशी सगळी बिऱ्हाडं तिथे गुण्यागोविंदाने नांदत होती. गेल्या वर्षी हेच मास्तर त्या कपाटाविरुद्ध चाळीस सह्यांचा अर्ज घेऊन आले होते. कमिटीने तो फेटाळला. त्यामुळे आत्ताचा उद्योग कशासाठी चालला आहे, हे बाईंना वेगळं विचारायची गरज वाटली नाही.

"अर्जाने जमलं नाही म्हणून आता पट्टीने का?" बाई म्हणाल्या. "मी कमिटीला कळवणार, सर. तुमचं कार्ड रद्द होईल."

"कळव. उद्या कर रद्द. पण आज हे पुस्तक मला नेऊ दे. मी पाया पडतो तुझ्या."

मास्तर कधी कोणापुढे वाकले आहेत, असं कोणी पाहिलेलं नव्हतं. बाई घाबरल्या आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या.

मास्तरांच्या मुलीमुळे हे सगळं चाललं होतं. सव्वीस वर्षांची, एकुलती एक. तिने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. बारा दिवसांपूर्वी तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं, तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. धड जेवत नव्हती, बोलत नव्हती. काय करावं ते न सुचून एकदा मास्तरांनी तिच्या उशाजवळचं पुस्तक उचललं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. तेव्हा तिने कूस बदलली. ती गोष्ट दोन मुलींची होती. मास्तरांनी मन घट्ट करून वाचली, आणि तेव्हापासून रोज एक वाचत होते.

"शेवटी दोघींतली एक मरते," मास्तर म्हणाले. "सातही पुस्तकांत. कधी आजाराने, कधी अपघाताने, कधी आपणहून. मी तिला ते कसं वाचून दाखवू? तूच सांग."

"मग त्या जागी काय वाचता?"

"मनाने सांगतो. दोघींनी घर घेतलं. मांजर पाळलं. बाल्कनीत टोमॅटो लावले. मला कुठे गोष्ट रचता येते!"

बाई उठल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. एक तरी सापडेल, असं त्या म्हणाल्या. दोघांनी मिळून पुस्तकं मागून उघडायला सुरुवात केली. विधुर आणि घरमालकीण सुखात होते. मोठी ती आणि लहान तोही सुखात होते. दोन पुरुषांनी मिळून बेकरी काढली होती. बाईंनी ते पुस्तक पुढे केलं.

"परवाच वाचलं," मास्तर म्हणाले. "ती म्हणाली, त्यांचं बरं आहे."

जोड्या नवनव्या आल्या होत्या, पण दोघी मुली म्हटल्या की लेखकांचा हात अजून आखडत होता. एकीचं परस्पर लग्न लावून दिलं होतं, एकीला परदेशी धाडलं होतं, बाकीच्या मेल्या होत्या. शेवटचं पुस्तक मिटून त्यांनी मान हलवली. मास्तर तिथल्या स्टुलावर मटकन बसले.

"आणि खोटं सांगून काही उपयोगही नाही," ते म्हणाले. "काल तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाली, बाबा, मरते ना ती? कड दिसू नये म्हणून तर ही पट्टी आणली. आज सकाळपासून तिने पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नाही. मी फार घाबरलोय गं."

बाईंनी कपाट लावून घेतलं.

"तुमची मुलगी आणि तिची मैत्रीण, दोघी दर शनिवारी इथे यायच्या, सर. पुस्तकं निवडताना इतक्या हसायच्या की मला दटावावं लागायचं. ती दुसरी कुठे आहे?"

मास्तर खाली बघत राहिले. "दवाखान्याच्या फाटकाबाहेर चार दिवस बसून होती. मी आत येऊ दिलं नाही. पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणालो."

सभासदाचा नंबर कोणालाही द्यायचा नाही, असा वाचनालयाचा नियम होता. बाईंनी तो दिला नाही. रजिस्टर उघडून त्यांनी स्वतःच फोन लावला आणि घंटी वाजायला लागल्यावर मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांना नको म्हणायलाही सवड मिळाली नाही.

"मी... तिचे बाबा बोलतोय."

फोनमधून बाईंनाही ऐकू जाईल असा हंबरडा फुटला.

"गेली ना ती? काका, सांगा ना, गेली ना?"

मास्तर ताडकन उभे राहिले.

"नाही गं पोरी, नाही! आहे ती. तू घरी ये."