चाकावरची रेघ

"चांगला पाइप का काढताय?" तिने विचारलं.

बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेल्या नवऱ्याने डोकं वर केलं नाही. "चांगला आहे तोवरच काढायचा. फाटायचा तेव्हा तो डोंगरात फाटेल, आणि तिथे मी नसेन."

ती गुरांची डॉक्टर. उद्या पहाटे तिला लसी घेऊन वरच्या कुरणांवर जायचं होतं. अर्ध्या वाटेत रस्ता संपायचा आणि नदीचं पात्र लागायचं. गाडी त्यातूनही जायची. मीटरवरचे आकडे कधीच एक फेरा पुरा करून पुन्हा शून्यापासून निघाले होते. ती गाडीला 'खेचर' म्हणायची, आणि त्याला ते मुळीच खपायचं नाही. पूर्वी गाडी तोच चालवायचा. त्याची नजर अधू झाली तेव्हा स्टिअरिंग तिच्याकडे आलं, नट आवळायचे पाने त्याच्याकडे राहिले.

सकाळपासून तो शेडमध्ये होता. ऑईल बदललं, फॅनचा पट्टा नवा घातला, चारी चाकं उतरवून आत ग्रीस भरलं. ती हाताखाली उभी होती आणि बोलणी खात होती.

"चौदाचा पाना मागितला, सतराचा दिलास. औषधंही अशीच देतेस का जनावरांना?"

"जनावरं इतकी कुरकुर करत नाहीत."

पाइप बसला. त्याने बॉनेट पाडलं, त्यावर प्रेमाने एक थाप मारली आणि हात धुवायला आत गेला. ती औषधांची पेटी मागे चढवू लागली. पेटीचं कुलूप हातातून निसटून मागच्या चाकापाशी पडलं. ते उचलून उठताना तिने चाकाचा आधार घेतला, आणि बोटाखाली नट फिरला.

तिने शेजारचा चाचपला. तोही फिरला. त्या चाकाचे सगळेच नट नुसत्या बोटांनी फिरत होते.

चाक परत चढवताना नट आधी हाताने लावायचे, आणि गाडी जॅकवरून खाली आली की पान्याने आवळायचे, एवढं तिलाही ठाऊक होतं. तिने बाकीची चाकं पाहिली. ती घट्ट होती. हे एक राहिलं होतं. हे चाक खाली टेकलं तेव्हाच तिने त्याला जेवायला हाक मारली होती.

पाना तिथेच पडला होता. आतून नळाचा आवाज येत होता, आणि नळाबरोबर त्याचं गुणगुणणं. काम दोन मिनिटांचं होतं. त्याला कळलंही नसतं. तिने पाना उचलला, नटावर बसवला, जोर लावायला पाय रोवले. मग पाना काढून घेतला.

"अहो, जरा बाहेर या."

तो हात पुसत आला. त्याचं बोट धरून तिने नटावर ठेवलं.

नट फिरला तसा त्याचा चेहरा उतरला. उपड्या डब्यावर तो बसला.

"पहिल्याच उतारावर चाक निघालं असतं," तो म्हणाला. "तू..."

"निघालं नाही. मीच मध्ये जेवायला हाक मारली."

"हाकेचं काही नाही. मी विसरलो." तो हातातलं फडकं पिळत राहिला. "मागच्या वेळी ऑईलचं झाकण लावायचं विसरलो होतो. वेळेवर आठवलं म्हणून बरं. तुला बोललो नाही. यापुढे गाडी गॅरेजला देत जा. मी हात लावणार नाही."

धुतलेल्या कपड्यांची पर्वा न करता ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

"गाईचं पोट उघडून वासरू काढते ना, तेव्हा शिवायच्या आधी कंपाउंडर कापसाचे बोळे मोजतो. मी मोजलेले असतात, तरी तो मोजतो."

"तुझ्यावर भरवसा नाही त्याचा?"

"मीच मोजायला लावलंय. एकदा त्याचा आकडा बरोबर निघाला आणि माझा चुकीचा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "हे कधी बोलली नाहीस मला."

"तुम्ही तरी झाकणाचं कुठे बोललात?"

त्याला हसू आलं नाही, पण फडकं पिळणं थांबलं. तो गुडघ्यावर हात टेकून उठला. पाना घेऊन त्याने समोरासमोरचे नट एकापाठोपाठ एक आवळले. मग पाना तिच्या हातात दिला.

"आता तू बघ. सगळी चाकं बघ."

तिने प्रत्येक नटावर आपलं वजन टाकून पाहिलं. एकही हलला नाही. तोवर त्याने फळीवरून पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश काढला होता.

"नटावरून थेट चाकावर एक रेघ ओढायची," तो म्हणाला. "नट सैल होऊन फिरला की रेघ तुटलेली दिसते. वाटेत थांबलीस की उतरून बघत जा. पाना लागत नाही त्याला."

तो चाकासमोर उकिडवा बसला. डोळे बारीक करून त्याने ब्रश नटाला टेकवला. रेघ निघाली ती नागमोडी, मध्येच जाड, मध्येच बारीक. त्याने ब्रश तिच्यापुढे धरला.

"तू ओढ. माझी वाकडी आली."

ती खाली वाकली. चष्मा कपाळावर सारून तिने रेघ अगदी जवळून पाहिली, नटावरची आणि चाकावरची.

"दोन्हीकडची जुळलीय का?"

त्यानेही डोकं पुढे आणलं. "जुळलीय."

"मग पुढचा नट घ्या," ती म्हणाली आणि रंगाची डबी त्याच्या हाताशी सरकवली.