खालची दुमड

साऱ्या गल्लीतल्या नवऱ्या मुलींचे झगे शिवणाऱ्या शिंप्याची एकुलती एक लेक ख्रिस्ती मठात सिस्टर व्हायला निघाली होती. कॉन्व्हेंटमधला पहिला पांढरा झगा बाबांनीच शिवायचा, हा तिचा हट्ट. शिंपी वर्षभर गाल फुगवून बसला होता, पण झगा त्यानं शिवला.

तिनं तो घालून पाहिला आणि थबकली. "बाबा, खाली इतका जड का लागतोय?"

"कापडच तसं आहे."

तिनं खालची दुमड चाचपली. आत घडीवर घडी घालून चांगलं दोन मीटर कापड दडवलेलं होतं, तेही कच्च्या टाक्यांनी. तिनं नुसतं वर पाहिलं, तसा शिंपी चष्मा पुसायला लागला.

"असू दे गं. उद्या मन बदललं तर उसवायचं. लग्नाचा झगा आरामात होतो. मी हिशेबानंच बेतलाय."

"बाबा, मन बदललं म्हणूनच तर चाललेय."

मशीनशेजारी बसून तिनं टाके उसवले आणि जादाचं कापड कापून त्याच्या मांडीवर ठेवलं. "तिथं कुणी नसलेली बाळं येतात. बाप्तिस्म्याला त्यांच्या अंगावर धड काही नसतं. यात चार झबली होतील?"

शिंप्यानं कापड गुडघ्यावर पसरलं, वितीनं मोजलं, आडवं धरून पाहिलं. मग नाक ओढलं.

"चार कशी? नीट बेतली तर सहा होतील. आणि त्या पोरांना सांग, आजोबांनी शिवलीत."