मीठपाण्याचे उंदीर

सरांच्या प्रयोगशाळेत अर्ध्या उंदरांना निकोटिन टोचत, उरलेल्यांना नुसतं मीठपाणी. मग सगळ्यांना आधी बारीक आवाज ऐकवत, लगेच मोठा दणका. निकोटिनवाले बारीक आवाजानेच सावध होतील, दणक्याला कमी दचकतील, असा सरांचा सिद्धान्त. पण सगळेच सारखे सावध निघाले. “मीठपाण्यात निकोटिन सांडलंस, दुसरं काय!” सर पीएचडीच्या विद्यार्थिनीवर उखडले. “सांडलं नाही, सर. तुम्ही रोज पिंजऱ्यांपाशी सिगारेटी फुंकता. धूर सगळ्यांनाच मिळतो. प्रबंधात तसं लिहिलंय मी.” “ते वाक्य काढ, नाहीतर पीएचडी विसर!” “विसरले. वाक्य राहील.” सरांचा पारा चढला. सवयीने त्यांनी सिगारेट पेटवली. पहिला झुरका घेतला मात्र, सगळ्या पिंजऱ्यांतले उंदीर मागच्या पायांवर उभे राहिले आणि सरांकडे आशेने बघत हुंगू लागले. विद्यार्थिनीने शांतपणे मीठपाण्याच्या रांगेकडे बोट दाखवलं. “वाक्य काढते, सर. आधी यांना खाली बसवा.”